पुरेल इतकीच गोळी

1968 आणि 1969 या दोन वर्षांत ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात अपस्माराचे जुने रुग्ण डॉक्टरांकडे नवीच तक्रार घेऊन येऊ लागले. चालताना तोल जातो, एका वस्तूच्या दोन दिसतात, बोलताना जीभ जड होते, दिवसभर गुंगी असते. ही माणसं फेनिटॉइनच्या कॅप्सूल घेणारी होती आणि डोस तर कुणी वाढवलेला नव्हता. तरीही रक्त तपासलं तेव्हा औषधाची पातळी धोक्याच्या रेषेपलीकडे गेलेली निघाली. जॉन टायरर, मर्व्हिन ईडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकाराचा छडा लावला आणि 1970 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तो प्रसिद्ध केला. कॅप्सूलमध्ये फेनिटॉइन पूर्वीइतकंच होतं. बदलली होती ती औषधासोबत भरलेली पूड. कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, वापरायला सुरुवात झाली होती. कॅल्शियम सल्फेटमुळे फेनिटॉइनचा काही भाग आतड्यात शोषलाच जात नव्हता. लॅक्टोज आल्यावर तोही रक्तात उतरू लागला.

लेबलावरचा आकडा तोच आणि मेंदूपर्यंत पोचणारं औषध मात्र कितीतरी जास्त. फिट्सच्या औषधांचा डोस कसा ठरतो हे समजून घ्यायचं असेल, तर ब्रिस्बेनची ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात ठेवावी. डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात तो मिलिग्रॅमचा आकडा हा एक अंदाज असतो. खरा डोस रुग्णाच्या शरीरात, काही आठवड्यांत आणि कधी कधी काही महिन्यांत सापडतो. आणि तो शोधण्याच्या कामात रुग्णाचा आणि घरच्यांचा वाटा डॉक्टरांइतकाच मोठा असतो.

जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे. नीट निदान होऊन योग्य औषध मिळालं तर त्यांतल्या 70 टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट्स थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ‘योग्य औषध’ या दोन शब्दांत डोसचाही समावेश आहे, आणि घोडं बरेचदा तिथेच अडतं.

या औषधांचा इतिहास सुरू होतो 1857 साली, लंडनमध्ये. राणी व्हिक्टोरियाचे प्रसूतितज्ज्ञ सर चार्ल्स लोकॉक यांनी एका वैद्यकीय सभेत सांगितलं की पोटॅशियम ब्रोमाइडने काही स्त्रियांच्या फिट्स आटोक्यात आल्या. पुढची पन्नासएक वर्षं ब्रोमाइडचं राज्य चाललं. त्याची अडचण अशी की ते शरीरातून अतिशय सावकाश बाहेर पडतं; निम्मं औषध जायलाच साधारण 12 दिवस लागतात. रोजचा डोस कालच्या, परवाच्या आणि गेल्या आठवड्यातल्या शिल्लक औषधावर चढत जातो. चार दिवसांत गुण आला नाही म्हणून डोस वाढवला, की महिन्याभराने रुग्ण सुस्त, गोंधळलेला आणि अंगभर पुरळ आलेला दिसे. डोस वाढवणाऱ्याला त्याचा परिणाम कधी दिसणार हेच ठाऊक नव्हतं.

1912 मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथल्या आल्फ्रेड हाउप्टमान यांनी फेनोबार्बिटॉनचा उपयोग दाखवला. आपल्याकडे ‘गार्डिनाल’ या नावाने ते घराघरांत पोचलं. 1938 मध्ये बोस्टनच्या ह्यूस्टन मेरिट आणि ट्रेसी पटनम यांनी फेनिटॉइन पुढे आणलं. झोप न आणताही फिट थांबवता येते, हे त्या औषधाने दाखवून दिलं. आपल्या मेडिकल दुकानांत ते ‘इप्टॉइन’ म्हणून मिळतं. स्वस्त, गुणकारी, आणि डोसच्या बाबतीत सगळ्यांत अवघड.

अवघड का, ते थोडं जवळून पाहिलं पाहिजे. बहुतेक औषधांचं गणित सरळ असतं. डोस दुप्पट केला की रक्तातली पातळी जवळपास दुप्पट होते, कारण औषध जितकं जास्त येतं तितकं यकृत ते जास्त वेगाने मोडतं. फेनिटॉइन मोडणारी विकरं मात्र मर्यादित असतात आणि नेहमीच्या डोसमध्येच ती जवळजवळ पूर्ण कामाला लागलेली असतात. टोलनाक्यावरच्या सगळ्या खिडक्या चालू असताना आणखी गाड्या आल्या तर रांग जशी किलोमीटरभर लांबते, तसं रक्तातल्या फेनिटॉइनचं होतं.

पाठ्यपुस्तकातले सरासरी आकडे घेतले तर यकृत दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे 7 मिलिग्रॅम फेनिटॉइन मोडू शकतं. 60 किलोच्या माणसासाठी ही कमाल मर्यादा झाली 420 मिलिग्रॅम. याच सरासरी आकड्यांनी हिशेब मांडला, तर त्याने रोज 250 मिलिग्रॅम घेतलं की रक्तात दर लिटरमागे 6 मिलिग्रॅमच्या आसपास पातळी राहते. 300 घेतलं तर 10. 350 घेतलं तर 20. आणि 375 घेतलं तर एकदम 33. उपयोगी पातळी मानली जाते 10 ते 20 मिलिग्रॅम. म्हणजे पहिल्या 50 मिलिग्रॅमच्या वाढीने पातळी चारने वाढली, पुढच्या 50ने दहाने, आणि शेवटच्या नुसत्या 25 मिलिग्रॅमने तेराने. न्यूयॉर्कच्या हेन कुट यांनी 1964 साली या चढणीवरचे टप्पे नोंदवून ठेवले आहेत: 20च्या वर गेलं की डोळ्यांची बुबुळं आपोआप हलू लागतात, 30च्या वर तोल जातो, 40च्या वर माणसाची शुद्ध मंदावते. म्हणून जाणते डॉक्टर फेनिटॉइन वाढवताना 100 मिलिग्रॅमची आख्खी गोळी वाढवत नाहीत. 25 किंवा 50 मिलिग्रॅमची पायरी चढतात आणि दोन-तीन आठवडे थांबतात. ‘एक गोळी जास्त घेऊन बघा’ असा फोनवरचा घाईचा सल्ला इतर औषधांत कदाचित खपून जाईल. फेनिटॉइनमध्ये तो माणसाला आडवा करू शकतो.

ब्रिस्बेनच्या रुग्णांचं नेमकं हेच झालं होतं. शोषण वाढलं, म्हणजे डोस वाढवल्यासारखंच झालं, आणि विकरांची क्षमता तर आधीच संपत आलेली.

आता मुळापासून सुरुवात करू. एखाद्या तरुणाला पहिल्यांदा फिट्स येऊ लागल्या आणि न्यूरोलॉजिस्टने औषध द्यायचं ठरवलं, तर डोसच्या आधी औषध ठरतं आणि औषध ठरतं फिटच्या प्रकारावरून. मेंदूच्या एका भागात सुरू होणाऱ्या फिटला कार्बामाझेपिन छान लागू पडतं. पण काही सेकंद हरवल्यासारखं होणाऱ्या किंवा सकाळी हातपाय दचकणाऱ्या फिट्स त्याच औषधाने वाढू शकतात. अशा वेळी डोस कितीही काळजीपूर्वक वाढवा, तो चुकीच्या दिशेनेच जातो. त्यामुळे फिट कशी सुरू झाली, मान कुठे वळली, हातातला कप पडला का, हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने सांगणं फार मोलाचं असतं. हल्ली मोबाइलवर काढलेला वीस सेकंदांचा व्हिडिओ यासाठी खूप कामाला येतो. त्यानंतर वय, वजन, मूत्रपिंड आणि यकृताची स्थिती, चालू असलेली इतर औषधं, बाई असेल तर मूल होण्याची शक्यता, आणि महिन्याचा खर्च परवडेल का, या सगळ्यांचा विचार करून पहिला आकडा चिठ्ठीवर उतरतो.

तो आकडा बहुधा लहान असतो. रुग्णांना याची शंका येते. दोन दिवसांपूर्वी अंगाला झटके येऊन माणूस पडला, आणि डॉक्टर एवढीशी गोळी देतात? पण हळू चढण्यामागे पक्की कारणं आहेत.

लॅमोट्रिजिन या औषधाचं उदाहरण घ्या. प्रौढ माणसाला ते पहिले दोन आठवडे रोज 25 मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे 50, असं चढवत नेतात. घाई केली तर अंगावर पुरळ उठण्याचा धोका वाढतो. हे पुरळ बहुतेकदा किरकोळ असतं. क्वचित मात्र त्वचा सोलून निघते, तोंड-डोळे आतून सोलवटतात, जीवावर बेततं. त्यातही रुग्ण आधीपासून व्हॅलप्रोएट हे फिट्सचं दुसरं औषध घेत असेल तर सुरुवातीचा डोस निम्मा, म्हणजे एक दिवसाआड 25 मिलिग्रॅम, कारण व्हॅलप्रोएट लॅमोट्रिजिन मोडणाऱ्या विकराला अडवतं आणि ते शरीरात दुपटीहून अधिक काळ रेंगाळतं. उलट कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन चालू असेल तर लॅमोट्रिजिन झपाट्याने निघून जातं, म्हणून सुरुवातच 50ने. औषध तेच, आजारही तोच, आणि सोबतीच्या गोळीप्रमाणे सुरुवातीच्या डोसमध्ये चौपट फरक. आणखी एक गोष्ट रुग्णांना क्वचितच सांगितली जाते: लॅमोट्रिजिन मध्येच आठवडाभर बंद पडलं तर पुन्हा जुन्या डोसवर उडी मारायची नाही. बरेचदा 25पासून परत चढावं लागतं. डॉक्टरांना फोन केल्याशिवाय ही गोळी पुन्हा सुरू करू नये.

कार्बामाझेपिनची तऱ्हा आणखी वेगळी. ते स्वतःलाच मोडणारी विकरं शरीरात वाढवतं. पहिल्या गोळीतलं निम्मं औषध जायला 36 तासांच्या आसपास लागतात. तीन-चार आठवड्यांनी तेवढंच औषध 12 ते 17 तासांत निम्मं होतं. म्हणजे पहिल्या आठवड्यात पुरेसा वाटणारा डोस महिन्याने अपुरा पडू शकतो. पहिला महिना छान गेला आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात फिट आली, तर घरात ‘औषधाची सवय झाली, आता ते लागू पडत नाही’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात शरीराने विल्हेवाट लावण्याचा वेग वाढवलेला असतो आणि डोस थोडा वर नेला की गाडी रुळावर येते.

लेव्हेटिरासेटामसारखी नवी औषधं या बाबतीत सुटसुटीत आहेत. यकृताशी त्यांचा फारसा संबंध येत नाही, बहुतांश औषध लघवीवाटे जातं, आणि 500 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ अशी सुरुवात पहिल्या दिवसापासूनच उपयोगी ठरू शकते. पण मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस उतरवावाच लागतो. आणि काही जणांचा स्वभाव या औषधाने चिडका होतो, उदासी येते. शांत मुलगा अचानक दारं आपटायला लागला तर तो वयाचा दोष समजून आईवडील गप्प बसतात. डॉक्टरांना ते सांगायला हवं. डोस कमी करण्याचं किंवा औषध बदलण्याचं ते पुरेसं कारण असतं.

ही हळू चाल सगळीकडे चालत नाही, हेही स्पष्ट केलं पाहिजे. फिट पाच मिनिटांत थांबली नाही किंवा फिट्स एकामागून एक येऊ लागल्या, तर रुग्णालयात शिरेतून मोठा डोस एकदम द्यावा लागतो. फेनिटॉइनच्या बाबतीत तो दर किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंत असतो, तोही हृदयाच्या ठोक्यांवर नजर ठेवून. तिथे आठवड्यांचा हिशेब नसतो.

डोस वाढवल्यावर थांबायचं किती, याचं उत्तर औषधाच्या अर्धायुष्यात आहे. निम्मं औषध शरीराबाहेर जायला जितका वेळ लागतो त्याच्या साधारण पाचपट वेळाने रक्तातली पातळी एका जागी स्थिरावते. लेव्हेटिरासेटामचं अर्धायुष्य 6 ते 8 तास, म्हणून दोन दिवसांत चित्र स्पष्ट. फेनोबार्बिटॉनचं तीन ते चार दिवस, म्हणून दोन-तीन आठवडे. पण रक्तातली पातळी स्थिर होणं वेगळं आणि फिट्स थांबल्या का हे कळणं वेगळं. महिन्यातून एकदा फिट येणाऱ्या माणसात नव्या डोसचा गुण ओळखायला निदान तीन महिने जावे लागतात. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर बदलणाऱ्या रुग्णाचा डोस म्हणूनच कधी ठरत नाही. प्रत्येक नवा डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतो.

कुठे थांबायचं? ग्लासगोमधल्या पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रॉडी यांनी 2000 साली 525 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या आधी औषध न घेतलेल्या 470 जणांपैकी 47 टक्के लोकांच्या फिट्स पहिल्याच औषधावर थांबल्या. ज्यांना गुण आला त्यांतल्या बहुतेकांना तो कमी किंवा मध्यम डोसवरच आला, हेही त्यांच्या पुढच्या अभ्यासातून दिसलं. म्हणून न्यूरोलॉजिस्टचं धोरण असं असतं: कमी डोसवर फिट्स थांबल्या तर तिथेच थांबा. पुस्तकात कमाल डोस 1000 मिलिग्रॅम लिहिलाय म्हणून 400वर बरा असलेल्या माणसाला 1000पर्यंत न्यायची काही गरज नसते.

पण उलट चूकही तितकीच वाईट, आणि आपल्याकडे ती बरीच दिसते. पहिल्या औषधाचा डोस अर्ध्यावर असतानाच फिट आली म्हणून दुसरं सुरू होतं, दुसऱ्याचा डोस पुरता वाढण्याआधी तिसरं. तीन औषधं, तिन्हींचे डोस अपुरे, आणि गुंगी मात्र तिघांची मिळून. असा केसपेपर मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत नवा नसतो. 1970च्या दशकात लंडनमध्ये एडवर्ड रेनॉल्ड्स आणि सायमन शॉर्व्हन यांनी हाच प्रश्न ऐरणीवर आणला. एकच औषध नीट डोसमध्ये दिलं तर बहुतेक नव्या रुग्णांना ते पुरतं, हे त्यांनी दाखवलं. दोन औषधं, योग्य निवडलेली आणि पुरेशा डोसमध्ये दिलेली, तरीही फिट्स थांबल्या नाहीत, तरच अपस्मार औषधाला दाद देत नाही असं म्हणावं, ही आंतरराष्ट्रीय व्याख्या 2010 पासून रूढ आहे. ‘पुरेशा डोसमध्ये’ हे शब्द त्या व्याख्येचा कणा आहेत. ही अट खरोखर पुरी झाली की मग चौथी, पाचवी गोळी जोडत बसण्याऐवजी शस्त्रक्रियेने फायदा होईल का, याची तपासणी करून घ्यावी. नुसत्या गोळ्या जोडण्यात वर्षं घालवणं रुग्णावर अन्याय करणारं आहे.

रक्त तपासून पातळी पाहिली की सगळं कळेल, असा समज बराच पसरला आहे. ही तपासणी 1960च्या दशकापासून वाढत गेली आणि तिने खूप लोकांना विषबाधेतून वाचवलंही. पण रिपोर्टवरच्या छापील मर्यादा म्हणजे बऱ्याच रुग्णांना जिथे गुण आला त्या पातळ्या. एखाद्याला फेनिटॉइनच्या 7वर फिट येत नाही. त्याचा डोस रिपोर्टमधला आकडा 10च्या वर नेण्यासाठी वाढवणं चूक आहे. दुसऱ्याला 22 लागतात आणि त्याला काही त्रासही नाही. त्याचा डोस उतरवला तर फिट येईल. इटलीत 180 रुग्णांवर झालेल्या आणि 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, नुसतं लक्षणांवरून डोस ठरवणं आणि रक्ताच्या पातळीवरून ठरवणं यांच्या निकालात फरक दिसला नाही. 2008 मध्ये अपस्मारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सुचवलं की ज्या पातळीवर एखाद्या रुग्णाच्या फिट्स थांबल्या आणि त्रासही नाही, ती त्या रुग्णाची स्वतःची पातळी म्हणून नोंदवून ठेवावी. पुढे कधी बिघडलं तर तुलना तिच्याशी करावी. हा सल्ला सोपा आहे, स्वस्त आहे, आणि आपल्याकडे अजून फार थोड्या केसपेपरवर तो उतरलेला दिसतो.

गोळ्या खरंच पोटात जातात का, नव्या औषधाने जुन्याची पातळी बिघडवली का, गरोदरपण, आणि फेनिटॉइन. या चार ठिकाणी मात्र रक्ततपासणीचा मोठा आधार होतो.

त्यातला दुसऱ्या औषधाचा मुद्दा भारतात विशेष महत्त्वाचा, कारण इथे क्षयरोग आहे. क्षयावरच्या गोळ्यांतलं आयसोनियाझिड फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन मोडणाऱ्या विकरांना अडवतं, त्यामुळे पातळी चढते. त्याच पाकिटातलं रिफाम्पिसिन विकरं वाढवतं, त्यामुळे पातळी उतरते. दोन्ही एकत्र घेतल्यावर पारडं कुठे झुकेल, हे त्या माणसाच्या जनुकांवर अवलंबून असतं. क्षयाचे उपचार सुरू झाल्यावर एखादा रुग्ण झोकांड्या देऊ लागला, तर अशक्तपणा म्हणून सोडून न देता फेनिटॉइनची पातळी बघायला हवी. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकने कार्बामाझेपिन चढतं. आयसीयूत दिलं जाणारं मेरोपेनेम व्हॅलप्रोएटची पातळी एक-दोन दिवसांत निम्म्याहूनही खाली आणू शकतं. म्हणून सर्दी-खोकल्यासाठी गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलात तरी फिट्सची गोळी चालू आहे हे आधी सांगावं.

मुलांचं गणित वजनावर चालतं, तरी ते मोठ्यांच्या गणिताची छोटी प्रत नसतं. मुलांचं शरीर किलोमागे औषध मोठ्यांपेक्षा जलद मोडतं, म्हणून त्यांना किलोमागे डोस जास्त लागतो. आणि वजन वाढत जातं तसा तो बदलत राहतो. आठ किलोचं बाळ चौदा किलोचं झालं आणि डोस तोच राहिला, तर फिट येण्याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. त्यात सिरपची भर. फेनिटॉइनचं पातळ औषध ठेवल्या जागी खाली बसतं. बाटली न हलवता दिलं तर पहिले दिवस बाळाला पातळ पाणी मिळतं आणि बाटली संपत आली की तळाचं दाट औषध. महिन्याच्या सुरुवातीला फिट आणि शेवटी गुंगी, असं चक्र दिसलं तर बाटली बघावी. मिलिलिटर आणि मिलिग्रॅम यांतला घोळही नेहमीचा. एकाच औषधाची दोन सिरपं वेगवेगळ्या तीव्रतेची असतात. बाटली बदलली की पाच मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते लेबलावर वाचून डॉक्टरांना विचारावं. स्वयंपाकघरातला चमचा यासाठी वापरू नये, सिरिंज वापरावी.

बायकांच्या बाबतीत हा विषय सगळ्यांत नाजूक होतो. व्हॅलप्रोएट गर्भाला अपायकारक आहे आणि तो अपाय डोसप्रमाणे वाढतो. युरोपात सुरू झालेल्या आणि अनेक देशांत पसरलेल्या ‘युराप’ या गरोदर रुग्णांच्या नोंदणीच्या 2011 सालच्या आकड्यांनुसार, दिवसाला 700 मिलिग्रॅमपेक्षा कमी व्हॅलप्रोएट घेणाऱ्या आयांच्या बाळांत 5.6 टक्क्यांना मोठं व्यंग आढळलं. 1500 किंवा अधिक घेणाऱ्यांत हे प्रमाण 24.2 टक्के होतं. 300 मिलिग्रॅमखालच्या लॅमोट्रिजिनमध्ये ते 2 टक्के. केरळमध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने 1998 पासून अशीच नोंदणी चालवली आहे. म्हणून मूल होऊ शकेल अशा वयात व्हॅलप्रोएट शक्यतो टाळतात, आणि टाळता आलं नाही तर डोस कमीत कमी ठेवतात. हा बदल दिवस राहण्याच्या आधी व्हायला हवा. दिवस गेल्यावर घाबरून गोळी बंद करणं आई आणि बाळ दोघांनाही धोक्यात घालतं.

लॅमोट्रिजिन या काळात तुलनेने सुरक्षित, पण त्याचा डोस स्थिर राहत नाही. गरोदरपणात शरीर ते दुप्पट-तिप्पट वेगाने बाहेर टाकू लागतं. पातळी आधीच्या 65 टक्क्यांखाली गेली की फिट्स वाढतात, असं अमेरिकेतल्या पेज पेनेल यांच्या अभ्यासात दिसलं. त्यामुळे महिन्या-महिन्याला पातळी बघून डोस वाढवावा लागतो आणि बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांत तो परत उतरवावा लागतो. नाहीतर बाळंतिणीला गरगरतं, दोन-दोन दिसतं, आणि घरात सगळे त्याला जाग्रणाचा थकवा म्हणतात. ईस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही लॅमोट्रिजिन निम्म्यावर येतं.

इतकं सगळं काटेकोर मोजमाप एका गोष्टीने पाण्यात जातं: चुकलेली गोळी. आपल्याकडे ती का चुकते याची कारणं डॉक्टरांच्या पुस्तकात नसतात. उपास आहे म्हणून सकाळची गोळी राहते. लग्नघरात जागरण होतं आणि रात्रीची राहते. गावाला जाताना स्ट्रिप कपाटात विसरते. नवी सून सासरच्यांपासून आजार लपवते आणि गोळी घेण्यासाठी एकांत शोधत राहते. अपस्मार हे विवाह रद्द करण्याचं किंवा लग्नासाठी अपात्र ठरवण्याचं कारण भारतीय कायद्यातून 1999 साली काढून टाकण्यात आलं, तरी लपवाछपवी गेलेली नाही. चुकलेल्या गोळ्यांमुळे फिट आली आणि डॉक्टरांना ते सांगितलं नाही, तर डॉक्टर डोस वाढवतात. मग रुग्ण नेमाने गोळ्या घ्यायला लागतो आणि तो वाढीव डोस त्याला झेपत नाही. इथे खरं सांगणं हाच उपचाराचा भाग असतो, आणि खरं ऐकून न रागावणं हा डॉक्टरांचा.

आणि शेवटी सगळ्यांच्या मनातला प्रश्न: गोळ्या कधी थांबणार? ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने दोन वर्षं किंवा अधिक काळ फिट न आलेल्या 1,013 रुग्णांवर चाचणी केली, ती 1991 साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. निम्म्यांच्या गोळ्या चालू ठेवल्या, निम्म्यांच्या हळूहळू कमी केल्या. दोन वर्षांनी गोळ्या चालू असलेल्यांपैकी 78 टक्के फिटमुक्त राहिले होते, बंद केलेल्यांपैकी 59 टक्के. दोन्ही आकडे नीट बघावेत. गोळी बंद करूनही निम्म्याहून अधिक लोक बरे राहिले. आणि गोळी चालू असूनही पाचातल्या एकाला फिट आली. निर्णय मग त्या माणसाच्या आयुष्याकडे बघून घ्यावा लागतो. गाडी चालवणाऱ्याला, उंचावर काम करणाऱ्याला एक फिट फार महाग पडते. वर्गात बसणाऱ्या लहान मुलाला गोळीमुळे येणारी सुस्ती महाग पडते. बंद करायचं ठरलं तरी ते काही महिन्यांत, पायरीपायरीने. फेनोबार्बिटॉन किंवा क्लोबाझामसारखी औषधं एकदम थांबवली तर न थांबणारी फिट येऊ शकते.

घरात कुणी ही औषधं घेत असेल तर एक वही आजच करा. तारीख, फिटची वेळ आणि वर्णन, चुकलेली गोळी, झोप, ताप, पाळी, नवं औषध, बदललेली कंपनी. दर भेटीला ती वही आणि रिकाम्या स्ट्रिपा सोबत न्या. आणि वहीत काहीही दिसलं तरी डोस स्वतःहून वाढवू नका, कमी करू नका, थांबवू नका. आधी आपल्या डॉक्टरांना दाखवा.